भाच्याची टाकी आणि भरती-सुकती

माझा भाचा सुरतेत असतो. त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची 200 लिटरची काचेची टाकी आहे. तीत मासे आणि मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळ नाहीत, कारण 1972च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. गेल्या खेपेला पंप घ्यायला त्याच्याबरोबर मीही गेलो.

त्याचं लक्ष खोक्यावरच्या आकड्याकडे, तासाला किती लिटर? आकडा हवाच. प्रवाळ जागचं हलत नाही. अन्न, प्राणवायू पाण्यानेच आणायचा, घाण पाण्यानेच न्यायची. तासाला निदान 20 पट पाणी फिरावं, असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे 4,000 लिटर. पण एकच मोठा पंप एकाच बाजूने मारा करत राहिला, तर समोरचं प्रवाळ सोलवटतं आणि खडकामागे घाण साचते. "मामा, मग?" 2,000चे दोन घे म्हटलं, समोरासमोर, आळीपाळीने चालणारे.

आम्हा गोंयकारांना हे नवं नाही. मांडवीचं पाणी साधारण सहा तास आत येतं, सहा तास बाहेर जातं. सुरतेजवळ डुमसलाही भरती मोठी, पण पाणी इतकं गढूळ की प्रवाळाला ऊन मिळणार नाही. आपल्या ग्रांदे बेटापाशी मात्र प्रवाळ आहेत.

निघताना एवढंच बजावलं, की एक तरी पंप बॅटरीवर चालणारा ठेव. वीज गेली की टाकीतलं पाणी थांबतं आणि प्राणवायू झपाट्याने उतरतो. समुद्राला ती भीती नाही.