उलटे आटे, सुलटे आटे

चेन्नईच्या टी. नगरला चढ नाही. शंभर वर्षांपूर्वी इथे लांबच लांब तळं होतं. इंग्रज त्याला लाँग टँकच म्हणत. १९२०च्या दशकात ते आटवलं, त्याच्या तळावर आखीव नगर वसवलं, जस्टिस पक्षाचे सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं नाव दिलं आणि मधोमध पनगल पार्क ठेवला. तळ्याचाच तळ, तो सपाट असायचाच. साडी नाहीतर सोनं घ्यायला आलेल्या माणसाला ह्या सपाटीचं काही वाटत नाही. मला वाटतं, कारण फिक्स्ड गिअरच्या सायकलीला मागचा कॉग बसवला की त्याचा शेवटचा पीळ चढावरच बसतो.

साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पाय थांबले तरी चाक कटकट करत पुढे जातं. फिक्स्डमध्ये ही सवलत नाही. दातांचा एक सबंध पोलादी कॉग थेट हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर पिळून बसवलेला असतो. चाक फिरलं की चेन फिरणार, चेन फिरली की पेडल फिरणार, आणि पाय पेडलवर असेपर्यंत पायांनाही फिरावंच लागणार. उतारावर बसून राहण्याची सोय नाही. वेग कमी करायचा तर फिरत्या पेडलला पायांनीच मागे धरायचं. ज्यानं हे एकदा केलं त्याला मग साधी सायकल मुकी वाटते. रस्त्यावरचा बारीकसा चढउतारही इथे पोटरीला आधी कळतो.

पण पाय मागे धरतात तेव्हा कॉगवर उलटा जोर येतो. फ्रीव्हीलवर असा जोर कधी येतच नाही. ते जन्मभर एकाच दिशेने ओढलं जातं, म्हणून जितकं चालवाल तितकं घट्ट होत जातं, आणि त्याला एका प्रकारचे आटे पुरतात. कॉगला दोन्हीकडचं सोसायचं असतं. पुढे जोर लावला की तो आवळला जातो, मागे धरलं की सुटायला बघतो. म्हणून फिक्स्डच्या हबला दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे, सुलटे, तिच्यावर कॉग. बाहेरची थोडी लहान, १.२९ इंचाची, तिलाही इंचाला २४ आटे, पण उलटे, तिच्यावर लॉकरिंग. आता कॉग सुटायला निघाला, म्हणजे उलटा फिरून बाहेर सरकू लागला, की तो लॉकरिंगला भिडतो आणि तिलाही आपल्याबरोबर उलटं फिरवू पाहतो. तिचे आटे उलटे असल्यामुळे त्या फिरण्यानं ती सैल होत नाही, आणखी आवळली जाते. सुटण्याचा जोर हाच धरून ठेवण्याचा जोर होतो. ना पिन, ना वेल्डिंग. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा जुळवलं त्याच्या डोक्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ह्यातलं १.३७ हे माप चेन्नईच्या सायकलवाल्यांच्या हातातलंच आहे. इंग्रजी मापाचं फ्रीव्हील ह्याच आट्यांवर चढतं. बर्मिंगहॅमच्या बीएसएनं रूढ केलेली ही पद्धत, आणि बीएसए, हर्क्युलस ही नावं ह्या शहराच्या ओळखीची, कारण मुरुगप्पा घराण्यानं १९४९ साली विलायतेच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स सुरू केली आणि अंबत्तूरला त्या सायकली बनू लागल्या. त्यामुळे गल्लीतल्या सायकलवाल्या अण्णांसमोर मी पहिल्यांदा कॉग ठेवला तेव्हा मोठे आटे त्यांनी नुसत्या बोटानं ओळखले. लहान, उलट्या आट्यांवर मात्र बोट फिरवून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘सरि, तंबी (बरं, पोरा). हा मागे येणार, ती ह्याला अडवणार.’’ ते तमिळमध्ये बोलले, मी मराठीत लिहितोय, पण वाक्य एवढंच होतं. लॉकरिंगचं सगळं काम त्यात आलं.

अण्णांचं दुकान म्हणजे एक टपरी, एक हवेचा पंप आणि छपराला टांगलेल्या जुन्या टायरांच्या माळा. काम मात्र असं की बघत राहावं. पहिली सफाई. हबचे आटे रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशनं घासायचे, कापडानं कोरडे करायचे आणि मग करंगळीनं ग्रीस भरायचं, प्रत्येक खाचेत, कंजुषी न करता. समुद्र इथून फार लांब नाही, हवा बारा महिने दमट आणि खारी. हब ॲल्युमिनियमचा, कॉग पोलादाचा. दोन धातूंच्या मध्ये खारा ओलावा शिरला तर ते एकमेकांना असे धरून बसतात की पुढे कॉग काढताना हबचे आटे सोबत उपटून येतात.

मग कॉग. हॉर्लिक्सच्या बाटलीचं झाकण तिरपं बसू नये म्हणून आई ते आधी थोडं उलटं फिरवायची, तसंच इथं करायचं. उलटं फिरवता फिरवता आट्यांची तोंडं जुळली की कॉग किंचित खाली बसतो, बोटांना टक्‌ असं लागतं. तिथून सुलटं. नुसत्या बोटांनी तो शेवटपर्यंत गेला पाहिजे. मध्येच अडला तर जोर करायचा नाही, काढून पुन्हा सुरुवात करायची. पोलाद जिंकतं आणि ॲल्युमिनियम मरतं, हे लक्षात ठेवायचं. बोटांचं संपलं की हत्यार: लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा ठोकून अण्णांनी ते घरीच केलंय. चेन कॉगभोवती गुंडाळून पट्टी खाली दाबायची. काही जण सायकलीची चेनच फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटभोवती, म्हणजे क्रँकचा ॲक्सल जिथून जातो त्या नळीभोवती, वेढून सबंध चाकाची तरफ करतात. त्यात जोर भयंकर मिळतो, पण फ्रेमला चेन चावते. मला ती पद्धत पटत नाही.

शेवटी लॉकरिंग. तिच्या कडेला खाचा असतात, त्यात हूकपान्याचं नाक अडकवायचं आणि डावीकडे ओढायचं. हाताला उजवीकडे आवळायची जन्माची सवय, त्यामुळे इथं मन जागेवर ठेवावं लागतं. पाना स्वस्तातला असला तर खाचेतून निसटतो, खाच गोल करतो आणि बोटांची सालं काढतो. सगळ्या कामात एकाच वस्तूवर पैसे टाकायचे असतील तर ते ह्या पान्यावर टाकावेत.

पण लॉकरिंग पुरती आवळायची वेळ अजून आलेली नसते. अण्णांनी मला ती नुसत्या बोटांनी लावायला सांगितली, आणि निळ्या स्केचपेननं कॉगवरून हबवर सरळ एक रेघ ओढली. मग म्हणाले, चढावर जाऊन ये.

मी विट्याकडचा. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांनी सोनं-चांदी गाळण्याचा धंदा भारतभर नेला, आमचं घर त्या वाटेनंच मद्रासला आलं. गावाकडे चढ शोधावा लागत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तर बोरघाट जो पहिला चढतो त्याला घाटाचा राजा म्हणतात. पसरणी किंवा खंबाटकीच्या घाटात सीटवरून उठून, दोन्ही हातांनी हँडल ओढत पाच मिनिटं पेडल मारलं की कॉग जो बसेल तो बसेल. टी. नगरमध्ये मला सोयीचे चढ दोन, आणि दोन्ही माणसानं केलेले. एक दुरैसामी सबवे, रेल्वेखालून वेस्ट मांबलमला जाणारा. त्यातून वर येताना बरा जोर लागतो, पण मोठ्या पावसात तो तुंबतो. दुसरा उस्मान रोडवरचा उड्डाणपूल. पहाटे पाचला, दागिन्यांच्या दुकानांचे शटर खाली असताना आणि फुलवाल्या पोती सोडत असताना, तो पूल मोकळा मिळतो.

त्या फेरीचे नियम कडक आहेत. पुढचा ब्रेक पक्का हवा. चढताना उभं राहून अंगातला सगळा जोर पेडलवर. उतरताना पाय नुसते सोबत फिरू द्यायचे, मागे धरायचं नाव काढायचं नाही, वेग ब्रेकनंच आवरायचा. खाली चहाच्या दुकानापाशी थांबून मी चाकाकडे वाकलो. निळी रेघ तुटली होती. कॉगवरचा तुकडा हबवरच्या तुकड्याच्या पुढे गेला होता, तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढा. टपरीत पट्टीवर माझं सगळं वजन टाकूनही जे झालं नव्हतं ते पुलानं केलं होतं. आणि लॉकरिंग बोटानं सहज हलत होती.

ही जी फट पडली, तिच्यापायी हब मरतात. लॉकरिंग आधीच आवळून माणूस चढावर गेला तर कॉग आत सरकतो, लॉकरिंग जिथल्या तिथे राहते. मग प्रत्येक वेळी पाय मागे धरले की कॉग तेवढ्या फटीतून मागे येतो आणि लॉकरिंगवर आदळतो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा आदळतो. आटे मेलेलं एक चाक अण्णांकडे आलं होतं, कॉलेजातल्या एका मुलाचं; तिथे कारण मात्र दुसरं होतं. कॉग काढल्यावर आत ॲल्युमिनियमच्या बारीक चकचकीत वेटोळ्या सापडल्या, ग्रीसमध्ये अडकलेल्या. आटे शिल्लकच नव्हते, नुसती गुळगुळीत नळी. त्या मुलानं साध्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग चढवून वर बॉटम ब्रॅकेटची रिंग लावली होती. ती रिंग १.३७ वर बरोबर बसते, पण दोघांचे आटे सुलटे. एक सुटला की दुसरा अडवत नाही, सोबतच निघतो. सायकलीला ब्रेकही नव्हता. मुलगा एका रिकाम्या रस्त्यावर होता म्हणून निभावलं. गर्दीच्या रंगनाथन स्ट्रीटच्या तोंडाशी संध्याकाळी सातला असता तर काय झालं असतं, ह्याचा मला विचारही करवत नाही.

वेलोड्रोमवर, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर, ब्रेक नसतो हे खरं. १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीला जो ट्रॅक झाला तिथे, किंवा जपानात १९४८ साली कोकुरात सुरू झालेल्या केइरिनच्या शर्यतीत, सगळे एकाच दिशेनं धावतात, मध्ये म्हैस येत नाही, रिक्षा वळत नाही. महाराष्ट्राची मयूरी लुटे २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत जशा सायकलीवर धावली तिलाही हाच कॉग, हीच लॉकरिंग, ब्रेक नाही. रस्त्यावर त्यांची नक्कल करणाऱ्यांना मी दर वेळी अडवतो आणि दर वेळी वाद घालतो.

कॉगच्या दातांचाही एक हिशेब आहे, आणि तो मला फार आवडतो. पुढे ४८ दात, मागे १६, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे. पाय आडवे धरून चाक घसरत थांबवायची सवय असेल तर दर वेळी टायरचा तोच तुकडा रस्त्यावर येतो आणि महिन्याभरात तिथे कापड दिसू लागतं. मागे १७ लावा. ४८ आणि १७ यांना एकाशिवाय समान भाजक नाही, त्यामुळे तेच घासणं टायरच्या सतरा जागांवर वाटून जातं. एका दाताचा फरक. पेडल किंचित हलकं होतं, एका फेऱ्यात साधारण सव्वासहा मीटरऐवजी सहा मीटरपेक्षा थोडं कमी इतकं पुढे जाणं होतं, आणि टायर कितीतरी जास्त टिकतो. अमेरिकेतले शेल्डन ब्राऊन, जे २००८ साली गेले, त्यांनी असले हिशेब आयुष्यभर साध्या माणसांसाठी मांडून ठेवले. त्यांचं ऋण फिक्स्ड चालवणाऱ्या प्रत्येकावर आहे.

मी १७चा बसवला. पुलावरून खाली आल्यावर चाक न काढताच हूकपाना लावला आणि लॉकरिंग डावीकडे ओढली. ती थोडी फिरली, मग अडली, मग अंगठ्याएवढी आणखी सरकली. अण्णा सोबत आले होते; त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘पोदुम्‌.’’ पुरे. कॉगचीही, हबचीही सोसायची एक हद्द असते, तिच्या पलीकडे ओढलं तर आटे ताणले जातात. दोन दिवस नेहमीसारखं चालवून पाना पुन्हा लावायचा. बहुतेक वेळा लॉकरिंग केसभर आणखी घेते. तेवढी द्यायची, चेनला वर-खाली अर्धा इंच झोल आहे ना ते बघायचं, स्केचपेननं नवी रेघ ओढायची, आणि ती रेघ दर रविवारी टायरमध्ये हवा भरताना एकदा बघून घ्यायची.