वीज गेलेली दुपार

दुपारी दोनला वीज गेली. ताम्हिणीकडून पाऊस आडवा येत होता आणि मोबाइलवर सात टक्के. मग काय, जलरंगांची डबी काढली. ओसरीवर बसून समोरचं मुळशी धरणाचं पाणी रंगवायला घेतलं. पण हवा इतकी ओली, की कागद वाळेचना. निळ्यात करडा पसरला आणि डोंगर ओघळत धरणात उतरला. खरं तर समोरही तो तसाच दिसत होता, म्हणून राहू दिला.

गंमत म्हणजे याच पाण्यावर वीज होते. मुळा नदी पूर्वेला वाहणारी, पण धरणात अडवलेलं तिचं पाणी सह्याद्रीपलीकडे, कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं जातं. आणि मी इथे मेणबत्ती शोधतोय! १९२१ मध्ये याच धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, नेतृत्वाला सेनापती बापट. त्या मावळ्यांच्या बुडालेल्या भातखाचरांवरूनच माझा ब्रश फिरतोय, हे जरा उशिराच लक्षात आलं. फोनमधल्या फोटोत मात्र नुसतं देखणं तळं.

साडेपाचला दिवे आले. आधी चार्जर लावला. चित्राचा खालचा कोपरा अजून ओलाच आहे.