पांढरे समुद्रफूल

हैदराबादसारख्या दगडाधोंड्यांच्या मुलखात राहून कुणी घरात समुद्र पाळावा, ही कल्पनाच आम्हांला प्रथम हास्यास्पद वाटली होती. परंतु आमच्या चिरंजिवांनी शिकवण्यांच्या पैशांतून २०० लिटरांची काचेची टाकी आणली, लिटरामागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ विरघळवून पाणी सिद्ध केले आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश सोडले, तेव्हा आमचा विरोध मावळला.

उणीव राहिली ती समुद्रफुलाची. फूल म्हणावयाचे इतकेच; वस्तुतः तो प्राणी. खडकाला पाऊल रोवून तो दंशपेशींनी भरलेले हात पाण्यात पसरतो, आणि इतर मासे ज्या हातांना भितात त्यांतच क्लाऊनफिश निर्धास्तपणे निजतो.

टाकीला जेमतेम महिना झाला होता. आणखी पाच-सहा महिने पाणी मुरू द्यावे, असे चिरंजीव म्हणत होते. घाई आम्हीच केली. वाढदिवसाची भेट द्यावयाची होती. आणि पैसे आमचे म्हणून निवडही आमची, हा आमचा हेका.

दुकानात दोन समुद्रफुले होती. एक कोपऱ्यातील दगडाला चिकटलेले, तपकिरी, दिसावयास अगदीच सामान्य. दुसरे शुभ्र, तळाच्या वाळूवर सैल पडलेले, मधले तोंड किंचित उघडे.

"साब, एकदम सफेद माल है," दुकानदार म्हणाला.

"बाबा, ते तपकिरी घेऊया का?" चिरंजिवांनी हळूच विचारले.

आम्ही ऐकले नाही. तीस वर्षे मुले पारखणाऱ्या मुख्याध्यापकाला एक समुद्रफूल पारखता येऊ नये?

ती शुभ्रता म्हणजे उपासमार होती, हे मागाहून कळले. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. प्रकाशावर ते अन्न तयार करते आणि त्यातील वाटा घरमालकाला देते. तपकिरी रंग बव्हंशी त्या बिऱ्हाडकरूंचा. उष्णतेने, अंधाराने, प्रवासाच्या हालांनी ते निघून गेले की प्राणी पांढरा पडतो. बाजारातील भडक पिवळी समुद्रफुलेही पुष्कळदा अशीच फिकटलेली, वरून रंगवलेली असतात. सैल सुटलेले पाऊल आणि उघडे राहिलेले तोंड ही तर आजाराची उघड लक्षणे. ती आमच्या डोळ्यांसमोर होती.

नवव्या दिवशी पहाटे घरात कुजका वास सुटला. फूल विरघळले होते आणि नासलेल्या पाण्यात दोन्ही मासे आडवे पडले होते. मुलगा काही बोलला नाही. बाह्या सरकवून त्याने पाणी उपसावयास प्रारंभ केला; आम्ही बादल्या ओतीत राहिलो. "तुम्हीच निवडले होते," एवढे जरी तो म्हणाला असता!

पुढे वाचनात आले की, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये आणलेले एक समुद्रफूल १८८७ पर्यंत जगले. सर जॉन स्वतः १८५१ मध्येच निवर्तले होते. आमच्या घरी ते नऊ दिवस टिकले.

आठ महिन्यांनी मुलगा पुन्हा त्याच दुकानात निघाला, तेव्हा आम्ही मागे उभे राहण्यापुरते गेलो. त्याने गुडघे टेकून एका तपकिरी समुद्रफुलाचे तोंड घट्ट मिटले आहे ना, पाऊल कोठे फाटले नाही ना, ते निरखले. मग दुकानदाराकडून कोळंबीचा बारीक तुकडा टाकवून घेतला. हातांनी तो पकडला, सावकाश तोंडाकडे नेला. एवढ्यावर आम्ही सौदा केला असता. त्याने मात्र आठवड्याने येतो म्हणून सांगितले.

आठवड्यानंतरही ते तेथेच, तसेच टवटवीत होते. दुकानदार नखाने पाऊल खरवडू लागताच मुलाने त्याचा हात धरला आणि दगडासकट मागितले. दगडाचे पैसे वेगळे पडले. आमचा हात खिशाकडे गेला.

"राहू द्या, बाबा."

पाण्याने भरलेली पिशवी मात्र त्याने आमच्या हाती दिली आणि स्कूटर सुरू केली. घरापर्यंत आम्ही ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून मागे बसलो होतो.