गोधडीची साधना

येत्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील भगिनींची तीन दिवसांची साधना योजिली आहे. साधना म्हटली की प्रवचन, मौन आणि पापनिवेदन ही ओघाने आलीच. यंदा त्यांच्या जोडीला सुई-दोरा असेल. सकाळी मिस्सा, दुपारी अर्धा तास मौन, सायंकाळी रोझरी, आणि उरलेला सारा वेळ शाळेच्या सभागृहात चटया अंथरून गोधड्या शिवणे, असा क्रम ठरला आहे. अशी साधना आमच्याकडे प्रथमच होत असल्याने पूर्वतयारीविषयी चार शब्द वाचकांस सांगावेसे वाटतात.

मे महिनाच का, हे पेडणे-डिचोलीकडील गृहिणींस सांगावयास नको. सुकी मासळी, मिरच्या, सोलां असा पुरुमेंत भरून ठेवण्याचे हेच दिवस. गोधडी हाही पुरुमेंतच होय. एकदा मृग बरसू लागला की जाड शिवण धुतली तर आठवडाभर वाळत नाही, आणि ऊब तर त्याच दिवसांत हवी असते. आम्ही सेमिनरीत गेलो तेव्हा आईने ट्रंकेत आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी घातली होती. घरापासून दूरचा पहिला पावसाळा आम्ही तिच्या उबेत काढला.

तथापि नव्या पिढीस गोधडी ही दारिद्र्याची खूण वाटते. “फादर, बाजारात ब्लँकेटे मिळतात ना?” असे एका मुलीने आम्हांस सरळ विचारले. आम्ही तिला सिद्दी भगिनींची गोष्ट सांगितली. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली जात. त्यांतील अनेकजण पळून सह्याद्रीच्या रानांत शिरले. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत त्यांचे वंशज आजही राहतात. त्यांत ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कापडांचे तुकडे जोडून जी गोधडी शिवतात तिला ‘कवंद’ म्हणतात. कडेपासून आरंभ करून धावदोऱ्याने मध्याकडे यावयाचे, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुला’ बसवावयाची. ख्रिस्ती घरांतील कवंदांवर पुष्कळदा क्रूसही असतो. हीच कवंदे 2011 साली न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात प्रदर्शनास मांडली गेली. ज्यांच्या पूर्वजांपाशी स्वतःचा देहदेखील स्वतःचा नव्हता, त्यांच्या लेकींनी चिंध्यांतून ही शोभा उभी केली. मग आपण चिंध्यांची लाज का बाळगावी?

आता कामाचे. कापड सुती असावे. टेरिकॉटातून सुई नीट जात नाही व ते घामही शोषीत नाही. जुने लुगडे सर्वांत मऊ. पाठीसाठी कोरे कापड घेतल्यास ते आधी धुऊन, आटवून आणावे. नवे कापड जुन्यास जोडले तर ते आटून जुन्याला फाडते, हे प्रभू येशूने दृष्टान्तात सांगितले आहे. नाझरेथच्या घरात ठिगळ लावताना त्याने आपल्या आईस पाहिले असावे, असे आम्हांस नेहमी वाटते. थर जमिनीवर ताणून प्रथम कच्चे टाके घालावेत; न घातल्यास शिवता शिवता सुरकुत्या पडतात. आमच्या गावात ही कला पूर्णपणे जाणणाऱ्या तीनच वृद्धा उरल्या आहेत. त्यांची दृष्टी मंदावली आहे, परंतु बोटांना सारे ठाऊक आहे. ती बोटे थकण्यापूर्वी मुलींनी त्यांच्याशेजारी बसावे, हा या साधनेचा एक हेतू आहे.

तयारी केवळ भगिनींनीच करावयाची असे नव्हे. सभेत एका गृहस्थांनी शंका काढिली, “तीन दिवस घरात रांधणार कोण?” आम्ही उत्तर शोधीत असतानाच मागून एक आजी म्हणाल्या, “पेज तरी रांदूक येता मरे तुका?” सभा हसली, गृहस्थही हसले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या स्त्रीचा जन्म इतरांस ऊब देण्यात गेला, तिला तीन दिवस मोकळे देणे हे पतीच्या प्रीतीचेच कृत्य होय.

एका भगिनीचा निरोप मात्र आमच्या मनात घर करून राहिला आहे. तिचे यजमान जहाजावर नोकरीस होते. त्यांना देवाज्ञा होऊन दोन वर्षे लोटली. त्यांचे सदरे पेटीत तसेच आहेत. सून पावसाळ्यात बाळंत व्हावयाची आहे. “ते सदरे कापावेत का, फादर?” एवढेच तिने विचारले.

यापो नगरातील टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत तिने शिवलेली वस्त्रे पेत्रास दाखविली. पेत्राने त्यांना ‘वस्त्रांत काय आहे?’ असे म्हटल्याचे लिहिलेले नाही. प्रिय माणसाचे वस्त्र हे नुसते कापड नसते. पेटीत ठेवले तर त्यास कसर लागते. टाकून द्यावयास हात धजत नाही. गोधडी हा तिसरा मार्ग आहे. तिच्यात सदरा सदरा राहत नाही, परंतु नाहीसाही होत नाही. आजोबाने न पाहिलेले नातवंड त्याच्या कुशीत निजते. तरीही कापण्याची वेळ आम्ही ठरविणे उचित नव्हे. आम्ही तिला कळविले आहे की गाठोडे घेऊन यावे, ते उघडलेच पाहिजे असे नाही. वाटल्यास तिन्ही दिवस दुसऱ्याच्या गोधडीवर टाके घालावेत आणि गाठोडे बांधलेले परत न्यावे.

भगिनींनो, येताना जुनी सुती वस्त्रे, जाड दोरा, दोन सुया आणि असल्यास अंगुस्तान आणावे. कात्र्या आम्ही मोजक्याच ठेविल्या आहेत. त्यांची घाई कोणीही करू नये.