एम.पी.एच. आणि माहेरचं बाळंतपण

माझी धाकटी बहीण दातांची डॉक्टर. बी.डी.एस. झाल्यावर तिने दोन वर्षांचं एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. हैदराबादच्या आमच्या गोतावळ्यात तेव्हापासून एकच प्रश्न: "म्हणजे दवाखाना नाही काढणार?" मी सॉफ्टवेअरमधला. मला कुतूहल वेगळं होतं: या पदवीने तिला कामासाठी कितपत तयार केलं?

हे शिक्षण आपल्याकडे तसं नवं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ते १९९७ साली सुरू झालं. २००६ मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया स्थापन झाल्यावर गांधीनगर, हैदराबाद अशा ठिकाणी खास संस्था निघाल्या. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्य धोरण, व्यवस्थापन हे मुख्य विषय.

बहीण तेलंगणातल्या एका जिल्ह्यात आरोग्य कार्यालयात लागली. सुरुवातीलाच एका उपकेंद्राचा अहवाल तिला खटकला. गरोदर बायकांच्या नोंदी भरपूर, बाळंतपणं मात्र निम्मीच. माझ्या धंद्यात अशा वेळी आधी प्रोग्रॅम तपासतात. ती थेट उपकेंद्रावर गेली. तिथल्या नर्सबाई हसल्या. "मॅडम, पहिलं बाळंतपण पुट्टिल्लूला!" पुट्टिल्लू म्हणजे माहेर. नोंद सासरच्या गावी, बाळंतपण माहेरच्या दवाखान्यात. आकडा खोटा नव्हता, दुसऱ्या रजिस्टरात होता.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. यादी घेऊन माहेरच्या गावांना फोन लावले. त्यात दोघी माहेरी गेल्याच नव्हत्या. घरीच बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.

दोन रकान्यांचा मेळ बसत नाही हे दिसणं आणि कारण सापडल्यावरही खात्री करून घेणं, हे तिला पदवीने दिलं. त्या दोघींपर्यंत पोचायला गाडी कशी मिळवायची, फाइल कुणाच्या टेबलावर अडते, वयाने मोठ्या नर्सबाईंना न दुखवता कसं विचारायचं, हे ती कामावरच शिकली.

आणखी एक अडचण पदवीच्या हाताबाहेरची आहे. नोकऱ्या बऱ्याचदा ११ महिन्यांच्या करारावर, आणि कित्येक पदांना एम.बी.बी.एस.ची अट. तामिळनाडूत १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा कायदा आहे आणि त्यासाठी वेगळं संचालनालयही. अशी घडी बसली असेल तिथे शिकलेल्याला वाट दिसते, पण तीही मुख्यतः डॉक्टरांना.

आपल्या घरातलं कुणी एम.पी.एच.ला जाणार असेल, तर फी भरण्याआधी संस्थेला तीन गोष्टी जरूर विचारा: गावात किती आठवडे काम करावं लागतं? ते काम कोण तपासतं? आणि मागच्या वर्षीची मुलं आज नेमकी कुठल्या पदावर आहेत? उत्तरं स्पष्ट मिळाली, तर खुशाल पाठवा.