वजनदार, पण बेपत्ता

विश्वातल्या एकूण पदार्थातले सहापैकी पाच हिस्से ज्यांच्या नावावर लागतात, त्या कृष्णद्रव्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही. स्वभाव म्हणाल तर ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात. प्रकाश अंगावर आला तरी हे महाशय तो शोषत नाहीत, परतवतही नाहीत. सरळ आरपार जाऊ देतात. आत्ता ते तुमच्या शरीरातूनही चालले असतील. घाबरू नका. पृथ्वीएवढ्या जागेत एका वेळी त्यांचं वजन जेमतेम अर्धा किलो भरतं, असा अंदाज आहे. इतक्या किरकोळ अंगकाठीने दीर्घिका कशा सांभाळायच्या? पसाऱ्याच्या जोरावर. तारे संपतात त्याच्या कितीतरी पुढपर्यंत हे पसरलेले असतात.

त्यांची कुणकुण 1933 साली फ्रिट्झ झ्विकी यांना लागली. कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या भरवशावर त्या कधीच पांगल्या असत्या. झ्विकी फटकळ म्हणून प्रसिद्ध. त्यांचं म्हणणं पुढची कित्येक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, त्यात या तोंडाळपणाचाही वाटा असावा.

मग आल्या व्हेरा रुबिन. सूर्याभोवती बुध सेकंदाला 47 किलोमीटरने पळतो, दूरचा नेपच्यून कसाबसा 5 किलोमीटरने. देवयानी दीर्घिकेतही कडेची मंडळी अशीच रेंगाळायला हवी होती. रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 साली मोजून दाखवलं, की वेग कडेलाही सेकंदाला 200 किलोमीटरच्या आसपासच राहतो. म्हणजे न दिसणारं कुणीतरी त्यांना धरून होतं. रुबिन यांना यासाठी नोबेल मिळालं नाही. ही चूक आता दुरुस्तही होणार नाही.

या गृहस्थांना पकडायला अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, 10 टन द्रवरूप झेनॉन भरून ठेवलंय. एखाद्या अणूला त्यांचा धक्का लागावा, बारीकशी चमक दिसावी, एवढीच अपेक्षा. अजून तशी चमक दिसलेली नाही.

इतकी वाट पाहायला लावणाऱ्याबद्दल वावड्या उठणारच. हे गृहस्थ मुळात नाहीतच, हिशेबाचे नियमच चुकलेत, असं मोर्देहाय मिलग्रोम 1983 पासून म्हणताहेत. सगळ्यात चटकदार वावडी मात्र माहितीशास्त्राकडून आली. माहितीचा एक बिट पुसायचा तर किमान ठरावीक उष्णता बाहेर टाकावीच लागते, हे रॉल्फ लँडाउअर यांनी 1961 साली मांडलं. 2012 साली प्रयोगात ते खरं ठरलं. इथवर शंका नाही. पोर्ट्समथ विद्यापीठाचे मेल्विन व्हॉप्सन 2019 साली एक पाऊल पुढे गेले: ऊर्जा आहे तर वस्तुमानही असणार, म्हणजे साठवलेल्या बिटलाही वजन आहे. खोलीच्या तापमानाला ते इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे तीन कोटी पटींनी कमी. पण एकावर 93 शून्यं एवढे बिट असले, तर कृष्णद्रव्याचा सगळा हिशेब जुळतो म्हणे.

कल्पना मोहक आहे, पण मला पटत नाही. व्हॉप्सन यांच्या सूत्रात बिटचं वजन तापमानाबरोबर वाढतं. मग जिथे उष्णता, तिथे हे महाशय जास्त सापडायला हवेत. बुलेट समूहात तर उलटंच दिसलं. तिथे दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले. कोट्यवधी अंश तापलेला वायू आदळून मध्येच अडकला. दिसणाऱ्या पदार्थाचा मोठा वाटा त्या वायूतच होता. तरी 2006 साली मागच्या दीर्घिकांचा, वस्तुमानाच्या ओढीने वाकलेला प्रकाश मोजला तेव्हा वस्तुमानाचा भार त्या धगधगत्या वायूजवळ नव्हता. तो दोन्ही बाजूंना, पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांपाशी होता.

व्हॉप्सन यांनी स्वतःच एक कसोटी सुचवली आहे: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करतात तेव्हा नेहमीच्या गॅमा किरणांबरोबर पुसलेल्या माहितीचे दोन अवरक्त फोटॉनही बाहेर पडायला हवेत. ते दिसले, तर माझी तक्रार मी खुशाल मागे घेईन.