वखारीचा हिशेब

निघोजे म्हटले की वर्गातल्या मैत्रिणी हमखास विचारतात, "रांजणखळगे तुमच्याकडचेच ना?" नव्हेत! ते निघोज पारनेर तालुक्यातले, कुकडीच्या काठचे. आमचे निघोजे खेड तालुक्यातले, चाकणच्या वाटेवरचे, इंद्रायणीजवळचे. आमचे गाव पाहायला कोणी येत नाही. कामाला मात्र साऱ्या देशातून माणसे येतात. २००९ साली आमच्या भागात फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, २०१० साली महिंद्राचा. मी तेव्हा तीन-चार वर्षांची होते. आमची कांद्याची दोन एकर जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली. ती कशी होती, हे मला आठवत नाही. मला आठवते ती वखार.

जमिनीच्या पैशांतून आप्पांनी लाकडी पॅलेट बनवण्याची वखार काढली. यंत्रांचे सुटे भाग ज्या लाकडी चौकटींवर रचून ट्रकमध्ये चढवतात, त्या ह्या पॅलेट. परदेशी जाणाऱ्या मालासाठी लाकूड आधी भट्टीत तापवावे लागते. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटे टिकली, तरच त्यावर शिक्का बसतो. सातवी शिकलेल्या आप्पांना हे तोंडपाठ आहे. फळी हातात घेतली की तिच्यात ओल किती, हे ते सांगतात. येत नाही ते एकच, कागदावरचा हिशेब.

हिशेब आईकडे. तोही वहीत नाही, कालनिर्णयाच्या चौकटींत! कोण कामावर आले नाही, खिळ्यांची पेटी केव्हा आणली, सावकाराचे व्याज कधी दिले, हे सारे एकादशी-चतुर्थीच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले असते. आई चौथीपर्यंत शिकली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती वर्षभराची पाने मांडीवर घेऊन बसले. अर्थशास्त्राच्या सरांनी 'खर्च' ह्या प्रकरणात सांगितले होते की, दिसणारा खर्च आणि न दिसणारा खर्च ह्यांत माणूस फसतो. म्हटले, पाहू तरी. एका पॅलेटला लाकूड, खिळे, मजुरी आणि टेंपो मिळून ५९० रुपये लागत होते. विक्री ६४० रुपयांना. म्हणजे पन्नास रुपये नफा, ह्याच हिशेबावर आमचे घर उभे होते. पण आमचे एक मोठे गिऱ्हाईक पैसे तीन महिन्यांनी देई, आणि तोवर आप्पा शेकडा दोन रुपये व्याजाने पैसे उचलत. शंभर पॅलेटचा खर्च ५९,००० रुपये, त्यावर तीन महिन्यांचे व्याज ३,५४० रुपये. शंभरांतल्या तीन नापास होऊन परत येत, म्हणजे बिल ९७ पॅलेटचेच, ६२,०८० रुपयांचे. मी तीनदा बेरीज केली. शंभरामागे ४६० रुपये तोटा! आप्पा पहाटे पाचला उठून, भुशाने डोळे लाल करून, त्या गिऱ्हाइकाला पदरचे पैसे देत होते.

रात्री मी हे सांगितले. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मी उत्साहात पुढे म्हणाले, "लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. आपण उद्यम नोंदणी केली, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. नाहीतर व्याज."

"आणि कायदा दाखवल्यावर त्यानं काम बंद केलं, तर दुसरं गिऱ्हाईक तू आणणार का?" आप्पांनी विचारले. ह्याचे उत्तर माझ्या पुस्तकात नव्हते. मग ते म्हणाले, "तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली, आणि आमची पोरगी वसुलीच्या गोष्टी करती!"

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तुकोबांनी आपल्या वाट्याची बुडवली. कान्होबाच्या वाट्याची वेगळी काढून ठेवली व्हती. आपल्या पैशात चार मजुरांचा वाटा हाय."

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उठून बाहेर गेले.

मी ठरवले आहे : बी. ए. झाल्यावर व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा द्यायची. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला बसू शकतो. पण एम. बी. ए. होऊन वखारीत यायचे, हे आप्पांना पटत नाही. "तुला शिकवलं ते भुशात बसायला न्हाई. कंपनीत लाग, एसीत बस." नातेवाइकांचे म्हणणे निराळेच. पोरगी उद्या सासरी जाणार, वखार धाकट्याची. तो अजून नववीत आहे. म्हणजे शिक्षण हा घरातून बाहेर पडायचा रस्ता, ह्यावर सगळ्यांचे एकमत! त्याच रस्त्याने कोणी परत यावे, हे कोणाला सुचतच नाही.

अशा वेळी मला किर्लोस्करांची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात आपल्यासारखेच कलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली. पुढे बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एम. आय. टी.तून १९२६ साली अभियंता झाले, आणि परतले ते त्याच माळावर. कोठे ते आणि कोठे आमची पत्र्याची वखार! बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करीत नाही. पण परत येण्यात कमीपणा नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

आणि खरे सांगू? मला भीतीही वाटते. पदवी घेऊन आले आणि आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही नसले तर? बेरीज मला येते; गिऱ्हाइकाच्या दारात तासभर उभे राहून हसतमुखाने बोलणे त्यांना येते. ह्या दोन विद्या एका घरात नांदल्या, तरच वखार टिकेल.

जानेवारीत आप्पांनी आपणहून मोबाइल पुढे केला. "ती नोंदणी कर. गिऱ्हाइकाशी मी बोलतो, माझ्या पद्धतीनं." नोंदणीला एक रुपयाही लागला नाही. त्यानंतरचे पहिले बिल गेले, त्या दिवशी मी आईला पंचेचाळिसावा दिवस मोजून दिला. तिने कालनिर्णयाच्या त्या चौकटीत लाल खूण केली आहे. हा लेख संपादकांकडे देताना त्या खुणेला अजून अकरा दिवस आहेत. आप्पा रोज सकाळी चहा पिताना कालनिर्णयाकडे पाहतात. तिथी बघतोय, असे म्हणतात.